पाल, पेटी आणि पळपुटे

"मराठी विभागात लिहायला कोणी मिळत नाही, तू तरी लिही," अशी गळ संपादक मंडळाने घातली तेव्हा मी आधी हसलेच. मी पडले कॉन्व्हेंटवाली! एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९ ह्यात मी अजून अडखळते, आणि माझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घावर आजी अजून लाल पेनाने गोल करते. पण जे सांगायचं आहे ते इंग्रजी विभागात लिहिलं असतं तर ज्यांच्यापर्यंत पोचायला हवं त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नसतं. म्हणून हे धाडस. चुका पोटात घाला.

तर, विषय आहे पाल. दचकू नका!

माझा मावसभाऊ टोरांटोला असतो. पाल पाळणारा आमच्या अख्ख्या खानदानातला तो पहिला माणूस. ही बातमी कळली तेव्हा आजी म्हणाली, "आपण जिला केरसुणीने हाकलतो ती? आणि त्याने ती विकत आणली?" हो, विकत आणली. 'क्रेस्टेड गेको' तिचं नाव. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया म्हणून बेटं आहेत, ही तिथली. डोळ्यांवर पापण्यांसारखे काटे, रंग पिकल्या लिंबाचा. ही जात नामशेष झाली असं शास्त्रज्ञ धरून चालले होते, ती १९९४ मध्ये पुन्हा सापडली. आज युरोप-अमेरिकेत लोक घरोघरी तिची पैदास करतात. दादाने तिचं नाव ठेवलं 'लिंबू'.

(इथे स्फूर्ती घेऊन कोणी रूमवर कासव किंवा घोरपड आणू नका. आपल्याकडे तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, आणि रेक्टर मॅडम सोडा, वनखातंच दारात येईल.)

लिंबू राहते ती काचेची पेटी साधारण दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. गंमत लिंबूत नाही, ह्या पेटीत आहे. दादा ती पेटी साफ करत नाही. आळशी आहे म्हणून नव्हे. ती पेटी स्वतःची सफाई स्वतः करते! तिला 'बायोॲक्टिव्ह' म्हणतात. तळाला भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर, जास्तीचं पाणी त्यात उतरतं. त्यावर बारीक जाळी, जाळीवर माती, मातीत मनीप्लांटसारखी झाडं, आणि वर वाळक्या पानांचा जाड थर. ह्या पानांखाली राहतात सफाईवाले.

सफाईवाले दोन प्रकारचे. पहिले स्प्रिंगटेल. पांढरे, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, खसखशीच्या दाण्यासारखे, बुरशी खाणारे. दुसरे आयसोपॉड. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली राखाडी, खवल्याखवल्यांचे, चौदा पायांचे जीव पळताना दिसतात ना, ते. त्यातले काही हात लावला की गोळीसारखे गोल होतात. आपण त्यांना किडे म्हणतो, पण नात्याने ते खेकडा-कोळंबीच्या घरातले. पोटाखाली कल्ल्यांसारखे अवयव, त्यांनी श्वास घेतात, म्हणून ओल लागतेच. किड्यांच्या अंगावर मेणाचा थर असतो तसा ह्यांच्या अंगावर नसतो, त्यामुळे कोरड्या हवेत ते भराभर सुकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

लिंबूची विष्ठा, मेलेला रातकिडा, कुजकं पान हे सगळं हे सफाईवाले खातात, त्याचं बारीक खत करतात, जिवाणू त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात आणि मनीप्लांट ते पिऊन टाकतं. कुठे वास नाही, कुठे कचरा नाही. आपल्या एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात ज्या चक्राची आकृती काढून आपण पाच मार्क घेतो, ते चक्र दादाच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी चालू आहे!

आता भानगड. गेल्या डिसेंबरात वहिनीला गालिच्याच्या कडेला नारिंगी-करडे दाणे दिसले. तिला वाटलं मसूर सांडली. जवळून बघते तर मसुरीला पाय! दादाचे आयसोपॉड पेटीतून पळत होते. बाहेर बर्फ, घरात हीटर, हवा पापडासारखी कोरडी. बिचारे दोन-तीन फूट जाऊन वाळून मरत होते. जे बाथरूमपर्यंत पोचले ते मात्र जगले, आणि वहिनीने दादाला निर्वाणीचा इशारा दिला, "एक तर ते राहतील नाहीतर मी."

दादा सॉफ्टवेअरवाला. त्याने जे केलं ते आपण सगळ्यांनी केलं असतं. छिद्रं बुजवली. झाकणाच्या जाळीवर सगळीकडून चिकटपट्टी मारली. वायर जिथून आत जाते तिथे व्हॅसलीन थापलं. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी आधीपेक्षा जास्त बाहेर!

रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला पेटी दाखवली. "तू मेकॅनिकलची ना, सांग आता." मी म्हटलं, "दादा, कॅमेरा काचेजवळ धर." काच आतून पूर्ण ओली. कोपऱ्यात सिलिकॉनची शीर असते, तिच्यावर शेवाळाचा हिरवा पट्टा. आता, स्वच्छ कोरड्या काचेवर आयसोपॉडला चढता येत नाही, पाय घसरतात. पण मळलेली शीर म्हणजे त्याला जिनाच!

"किती वेळा फवारतोस?"

"तीनदा. हिवाळा आहे ना, तिला ओल लागते."

"आणि झाकणावर हे चकाकतंय काय?"

"अगं, ओल उडून जाऊ नये म्हणून आधीच प्लास्टिक लावलं होतं अर्ध्या जाळीवर. आता उरलेल्यावर पट्टी."

"खालचा गोळ्यांचा थर दाखव."

तो थर पाण्याने काठोकाठ भरला होता. पाणी जाळी ओलांडून मातीत चढलं होतं. माती म्हणजे चिखल. आयसोपॉडला ओल लागते हे खरं, पण त्याला चिखलात बुडवलं तर तो गुदमरतो. पेटीत एकही कोरडी जागा उरली नव्हती. त्यात हा दर दोन दिवसांनी काकडी आणि माशांचं खाणं टाकत होता, त्यामुळे प्रजा बेसुमार वाढलेली. घर बुडालेलं, माणसं दुप्पट. मग ते वर चढणार नाहीत तर काय करतील?

आणि ऐका, खरी मेख पुढेच आहे. दादाने पळ थांबवायला चिकटपट्टी मारली, म्हणजे हवा आणखी बंद केली. हवा बंद म्हणजे काच आणखी ओली, माती आणखी चिखल, शीर आणखी शेवाळलेली. म्हणजे पळायचं कारणही वाढलं आणि पळायचा जिनाही रुंद झाला. भिंत उंच करायच्या नादात त्याने आतलं जग आणखी बिघडवलं!

इलाज साधा होता. नळीने खालचं पाणी ओढून काढलं. प्लास्टिक आणि पट्टी काढून टाकली. फवारणी दिवसातून एकदा, रात्री, सकाळपर्यंत काच सुकलीच पाहिजे. एका कोपऱ्यात ओलं शेवाळ, बाकीची बाजू कोरडीकडे झुकलेली, म्हणजे ज्याला जे हवं ते त्याने निवडावं. वाळकी पानं दुप्पट, काकडी आठवड्यातून एकदा. कोपऱ्यातली शीर पुसून स्वच्छ. आणि सगळ्यात शेवटी वायरीच्या भोकात स्पंजचा बूच. व्हॅसलीनला वहिनीनेच रजा दिली, "लिंबूच्या पायांना लागलं तर ती चढेल कशी?" मी दादाला मोजदाद ठेवायला सांगितली, कारण मोजल्याशिवाय आपल्याला पटत नाही. पहिल्या आठवड्यात गालिच्यावर एकतीस. दुसऱ्यात बारा. चौथ्यात दोन. वहिनी अजून घरातच आहे.

दादा म्हणाला, "ग्रेट, प्रॉब्लेम सॉल्व्ह!" मी मात्र फोन ठेवून गप्प बसले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, आणि ही पाल टोरांटोची नव्हती. आपल्या मेसच्या मागची होती.

सेकंड इयरवाल्यांना आणि स्टाफला आठवत असेल. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपण मेसच्या मागे गांडूळखताचे दोन वाफे बांधले. विटांचे, दहा फूट बाय तीन फूट, वर पत्र्याची सावली. तळाला उसाचं पाचट, त्यावर शेण, त्यात आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. मेसचं उरलेलं अन्न रोज तिथे टाकायचं, चार महिन्यांत खत काढून बागेत घालायचं, असा बेत. बादल्या वाहून न्यायचं काम मेसच्या सफाईच्या मावशींकडे आलं. कोणी त्यांना विचारलं नाही, फक्त सांगितलं.

जुलैत पाऊस लागला आणि गांडुळं निघाली बाहेर. सकाळी मेसच्या मागच्या पायवाटेवर, पायऱ्यांवर, एकदा तर हात धुवायच्या बेसिनजवळ. मुलींनी किंकाळ्या मारल्या, मुलांनी फोटो काढले. तक्रार वर गेली आणि 'कंटेनमेंट'चं काम माझ्याकडे आलं. मी खूश! सीएडमध्ये झाकण काढलं. लोखंडी पट्टीची चौकट, तिला डासांची नायलॉन जाळी, पाऊस आत जाऊ नये म्हणून वर जाड प्लास्टिक, कडेने रबराची पट्टी. फिट्स अँड टॉलरन्सेस नुकतंच शिकलो होतो, त्यामुळे फट अशी ठेवली नाही की एखादं गांडूळ डोकं घालेल. वर्कशॉपच्या सरांनी पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी झाकण उचललं. ते दृश्य मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. सगळी गांडुळं जाळीच्या खालच्या अंगाला, कडेकडेने, गुंतवळासारखी एकमेकांत अडकून मेलेली. आत वाफ, आणि अशी दुर्गंधी की मेस दोन वेळा बंद ठेवावी लागली.

आता विचार करा, गांडूळ वाफा का सोडतं? त्याला फिरायची हौस नसते. ही जात वरच्या थरात, कुजणाऱ्या अन्नात सुखाने राहणारी. ती निघून जाते तेव्हा आत काहीतरी बिघडलेलं असतं. वाफ्यात पाणी तुंबलं, हवा संपली, आंबट वाढलं, मीठ वाढलं, उष्णता वाढली, ह्यापैकी काहीतरी. आपल्या वाफ्यात हे सगळंच होतं. मेसची उरलेली कढी, ताक, तर्रीची भाजी, लोणच्याचा खार, सगळं एकाच बादलीतून तिथे जात होतं. गांडूळ त्वचेने श्वास घेतं, आणि आपण त्या त्वचेवर मीठ, तेल आणि आंबवण ओतत होतो. ती बाहेर पडत होती, म्हणजे आपल्याला कळवत होती. मी त्या निरोपावर झाकण बसवलं आणि वरून रबर लावलं. दादाची चिकटपट्टी आणि माझं झाकण, फरक काय? एवढाच की त्याने लगेच फोन केला, मी केला नाही.

आणि मुख्य गोष्ट. मला सांगणारं माणूस होतं. झाकण बसवत होतो त्याच दिवशी मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, ह्यात ताक-कढी नका घालू, जीव जातोय त्यांचा. आमच्याकडं शेतावर खताला आंबट घालत नाहीत." मी म्हटलं, "मावशी, डिझाइन झालंय आता." हे माझे शब्द. इंग्रजीत 'डिझाइन फ्रीज' म्हणतात, ते मी मराठीत ऐकवलं.

नंतर अहवाल लिहायचा होता. प्रकल्प का फसला, एक परिच्छेद. तो मी टाईप केला. त्यात एक वाक्य आहे: 'सफाई कर्मचाऱ्यांकडून ओल्या कचऱ्याचे योग्य वर्गीकरण न झाल्यामुळे.' हे वाक्य कोणी माझ्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलं नाही. ते सोपं होतं, म्हणून लिहिलं. वर्गीकरण कशाच्या जिवावर करायचं? बादली एक, ती भरणारे आपण चारशे जण, ताटातलं ताक भाजीत मिसळून ओतणारे आपण. पण त्या वाक्यावरून मावशींना लेखी ताकीद मिळाली. मला मात्र त्याच झाकणाच्या ड्रॉइंगवर सबमिशनमध्ये अठरापैकी सोळा मार्क मिळाले.

ते वाक्य मी इथे मागे घेते. चूक वर्गीकरणाची नव्हती, चूक विचारण्याची होती. मी 'गांडुळं बाहेर कशी अडवायची' हे विचारलं. 'गांडुळं बाहेर का येतात' हे विचारलं नाही. तसं लेखी पत्र मी प्राचार्यांच्या कार्यालयात दिलं आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. हे शौर्य नाही, सहा महिने उशीर झालेलं सबमिशन आहे.

कोणी म्हणेल, "म्हणजे भिंतीच नकोत? आत सगळं छान ठेवा, कोणी पळणार नाही, असं म्हणायचंय का?" नाही! तसं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा. काही जीव असे असतात की आतलं जग कितीही सुखाचं केलं तरी एकजण निसटला तरी पुरे होतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावात एत्येन त्रूव्हेलो नावाचा फ्रेंच चित्रकार राहायचा. १८६८-६९ च्या सुमारास त्याने रेशमाच्या प्रयोगासाठी युरोपातून एका पतंगाची अंडी आणली. त्याच्या घरून काही अळ्या निसटल्या. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, त्या गावातली झाडं अळ्यांनी बोडकी केली. आजही तो पतंग अमेरिकेतली जंगलं खातो आहे. साहेब पुढे खगोलशास्त्राकडे वळले आणि ग्रह-ताऱ्यांची सुंदर चित्रं काढू लागले. आकाशाकडे बघायला हरकत नाही, पण अंगणाचं काय?

आपल्या देशातलं बघा. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन हा शंख-शिंपल्यांचा अभ्यासक मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगायी घेऊन कलकत्त्याला आला, त्या चौरंगीतल्या एका बागेत सुटल्या. पावसाळ्यात बागा-भाज्या फस्त करणाऱ्या त्या मुठीएवढ्या गोगलगायी आज देशात कितीतरी ठिकाणी आहेत. आणि अगदी आपल्या विषयातलं हवं असेल तर मत्स्यपेटीत काच चाटणारा सकर मासा. दुकानदार 'टँक क्लीनर' म्हणून देतो, म्हणजे सफाईवालाच! आणताना बोटाएवढा, वाढून हातभर होतो. मग पेटीत मावत नाही म्हणून मालक भूतदयेने तळ्यात सोडतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत पसरला आहे, तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. वाराणसीत गंगेत तो सापडल्याची बातमी २०२० मध्ये आली होती. त्याचं आतलं घर चांगलं नव्हतं असं नाही. त्याला आणायलाच नको होतं.

दादाच्या छंदातही हा भेद आहे. कोरड्या, वाळवंटी पेट्यांत काही लोक डर्मेस्टिड भुंगेरे सोडतात. मेलेलं, वाळलेलं मांस ते चाटूनपुसून खातात. शिकागोच्या फील्ड म्यूझियमसारखी संग्रहालयं सांगाडे स्वच्छ करायला हेच भुंगेरे पाळतात. पण कुठे? संग्रहापासून वेगळ्या जागी, गुळगुळीत भिंतींच्या पेट्यांत. साफ झालेला सांगाडा गोठवून, त्यातले उरलेसुरले भुंगेरे मारून, मगच पुढे जातो. कारण एक जरी निसटला तरी शंभर वर्षांचे पिसांचे आणि कातड्यांचे नमुने त्याला पंगतीसारखे! तिथे भिंत हवीच, आणि ती तशीच पक्की हवी.

आणखी एक. टोरांटोत गालिच्यावर आलेला आयसोपॉड मेला, कारण हवा कोरडी होती. तिथे हवामानच दुसरी भिंत होतं. हीच पेटी जुलैत रत्नागिरीत ठेवली तर? बाहेरही ओल, बाहेरही पालापाचोळा. पळालेला मजेत संसार थाटेल! म्हणजे एकीकडची भिंत दुसरीकडे चालेलच असं नाही. नेटवरचं डिझाइन उतरवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

म्हणून माझं म्हणणं भिंतीविरुद्ध नाही, क्रमाबद्दल आहे. इंडस्ट्रियल सेफ्टीच्या तासाला आपण हाच क्रम घोकतो. आधी धोका काढूनच टाकता येतो का बघा, नाहीतर बदला, मग यंत्रातच सोय करा, मग नियम, आणि हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी. पेटीचंही तेच. पहिली निवड: हा जीव आणायचा का, तो निसटला तर बाहेर काय करेल? दुसरी निगा: आत त्याला हवं ते आहे का, गर्दी किती, ओल किती? तिसरी भिंत. आपण मात्र नेहमी उलट्या बाजूने सुरुवात करतो, कारण भिंत दिसते, तिचा फोटो निघतो, तिचं बिल करता येतं. निगेचा फोटो निघत नाही.

आता होस्टेलवाल्यांच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. "हा लेख रेक्टर मॅडमना वाचायला द्या!" देणारच आहे, त्या वाचतातही. आपण आयसोपॉड नाही, हे आधी स्पष्ट करते. पण रविवारी रात्री मेस बंद, कॅन्टीन सात वाजता बंद, आणि मग साडेनऊनंतर मागच्या गेटवर मुली सापडतात म्हणून तिथे तिसरं कुलूप. त्या कुठे जातात, कोणी विचारलं? चौकातल्या अंडा-भुर्जीच्या गाडीवर! कुलूप राहू दे मॅडम, रात्रीच्या वेळी ते लागतं, आमच्या आई-वडिलांनाही ते हवं असतं. फक्त रविवारी रात्री खिचडीचं एक पातेलं ठेवून बघा आणि महिनाभर रजिस्टरमधली नावं मोजा. एकतीसवरून दोनवर आली नाहीत तर माझं नाव सगळ्यात वर लिहा.

असो. वाफे पुन्हा सुरू करायचे घाटत आहेत, चांगली गोष्ट आहे. माझ्याकडे पुन्हा झाकण मागितलं गेलंय. ह्या वेळी मी झाकणाआधी मावशींकडे गेले. अर्धा तास बसले. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: दोन बादल्या हव्यात, एक भाजीची देठं, सालं आणि फळांच्या फोडींसाठी, एक ताक-कढी-तर्रीसाठी, आणि ही दुसरी वाफ्याकडे जायचीच नाही. वाफ्याच्या तळाला उतार आणि पाणी जायला भोक हवं. पावसात शेण कमी, पाचट जास्त. प्लास्टिक नको, गोणपाट चालेल. मी पुस्तक उघडून ताडून बघितलं. चारही मुद्दे पुस्तकात आहेत. मी ते वाचले नव्हते, त्यांनी ते केले होते.

म्हणून माझी मागणी एवढीच. नव्या समितीत सफाईच्या मावशींना सभासद म्हणून घ्या, बादली वाहणारी म्हणून नव्हे. त्यांच्या ह्या कामाचे तास पगारात धरा. जुनी ताकीद फाईलमधून काढा. आणि ताटातलं ताक कुठे ओतायचं एवढी अक्कल आपण चारशे इंजिनिअर मिळून वापरू या.

हा लेख लिहिते आहे हे मी मावशींना सांगितलं. माफीही मागितली. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिहा की. पण बादलीला झाकण पायजे म्हणून पण लिहा. माश्या लई होतात."

लिहिलं, मावशी. बादलीला झाकण हवं. हे झाकण मात्र खरंच हवं!

– तृतीय वर्ष, यांत्रिकी